शेतात बदकांची शिकार: नॉर्थ डकोटातल्या एका लांबलचक दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की मिनेसोटा आणि डकोटाकडच्या मराठी मंडळींना ऑफिसातलं कुणीतरी हमखास विचारतं, "शनिवारी बदकांना येतोस का?" मग संध्याकाळपर्यंत आमच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. सगळी माहिती नॉर्थ डकोटातल्या काढणी झालेल्या शेतातल्या शिकारीची आहे. नियम दर हंगामाला थोडेफार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी राज्याच्या गेम अँड फिश खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचाच.

बदकं तर पाण्यात असतात. शेतात कुठली?

रात्र पाण्यात काढतात, पोट शेतात भरतात. हिमयुगातल्या हिमनद्या मागे हटताना इथल्या माळावर लाखो खळगे सोडून गेल्या. त्यांत पाणी साचून तळी आणि डबकी झाली. डकोटाची दोन्ही राज्यं, मिनेसोटा, आयोवा, मोंटाना आणि पलीकडे कॅनडातले तीन प्रांत एवढा हा पट्टा आहे. उत्तर अमेरिकेतल्या बदकांची मोठी वीण इथेच होते. त्याच पट्ट्यात गहू, बार्ली, वाटाणा आणि मका पिकतो. काढणीयंत्र कितीही चांगलं असलं तरी दाणे सांडतातच. हिरव्या डोक्याचे मॅलार्ड आणि लांब शेपटीचे पिनटेल त्या दाण्यांसाठी पहाटे आणि दिवस कलताना थव्याने शेतात उतरतात. सगळी बदकं मात्र येत नाहीत. कॅनव्हासबॅक, रेडहेड यांसारखी बुडी मारणारी बदकं पाण्यातच खातात, ती धसकटात चालत येणार नाहीत.

हा दिवस सुरू कधी होतो?

आदल्या दिवशी दुपारी चारला, गाडीत. हे पहिल्यांदा येणाऱ्यांना पटत नाही. त्यांना वाटतं बंदूक, नेम, धडाधड. खरं तर उद्याच्या दिवसाचं काय होणार हे आज संध्याकाळी ठरलेलं असतं.

दुर्बीण घेऊन कच्च्या रस्त्यांवरून सावकाश फिरायचं. इथले रस्ते मैला-मैलावर काटकोनात छेदतात, त्यामुळे एकेक चौकोन तपासत जाता येतं. तळ्यावरून थवा उठला की तो कुठल्या दिशेने जातो ते पाहायचं, मागे मागे जायचं आणि उतरेल तिथे रस्त्यावरच थांबायचं. शेतात घुसायचं नाही. शंभर एकरांच्या शेतात बदकं नेमकी कुठे बसली आहेत ते टिपून ठेवायचं: चढावर की खोलगट भागात, कुठल्या खांबाच्या रेषेत, कुंपणापासून किती आत. अंधार पडून शेवटचं बदक पाण्याकडे परत जाईपर्यंत हलायचं नाही. उद्या सकाळी ती त्याच जागी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि ती जागा शंभर मीटरने चुकली तर दिवसभर शेजारच्या तुकड्यावर उतरणारे थवे बघत बसावं लागतं.

आणखी एक. ज्या तळ्यावर ती रात्री झोपतात तिथे बार काढू नका. कायदा नेहमी आड येईलच असं नाही, पण झोपायच्या जागेवर हल्ला झाला की सगळा थवा मुलूख सोडून जातो. मग तुमचंही शेत रिकामं आणि आसपासच्या चार जणांचंही.

दुसऱ्याच्या शेतात असं जाता येतं का?

नॉर्थ डकोटाचा जुना रिवाज असा की जमिनीवर 'प्रवेश बंद'ची पाटी नसेल तर शिकाऱ्याला जाता येतं. २०२१ पासून शेतकऱ्याला ही बंदी ऑनलाइन नोंदवता येते, म्हणजे बांधावर पाटी दिसली नाही तरी नकाशावर बंदी असू शकते. तो नकाशा फोनवर बघायलाच हवा. शिवाय राज्याने शेतकऱ्यांशी करार करून शिकारीसाठी खुल्या केलेल्या जमिनीही आहेत. शेजारच्या साउथ डकोटात हा रिवाज नाही, तिथे खासगी जमिनीसाठी परवानगी लागतेच.

माझं मत विचाराल तर पाटी असो वा नसो, जाऊन विचारा. फार रात्र व्हायच्या आत, बूट झटकून. आपलं नाव सांगा, किती जण आहात, गाडी कुठे लावणार, हे सांगा. पाऊस झाला असेल तर गाडी शेतात घालणार नाही असं आपणहून सांगा, कारण ओल्या मातीत उठलेले चाकोरे शेतकरी विसरत नाही. दिवाळीच्या सुमारास जात असाल तर फराळाचा डबा न्या. चकलीला इथे कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. करंजी जरा समजावून सांगावी लागते.

कागदपत्रं कोणती लागतात?

राज्याचा शिकार परवाना, स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकाऱ्यांसाठीची वार्षिक नोंदणी, आणि वय १६ किंवा जास्त असेल तर केंद्र सरकारचा डक स्टॅम्प, म्हणजे दर हंगामाला विकत घ्यायचं एक तिकीट. ३१ डिसेंबर १९६१ नंतर जन्मलेल्यांना नॉर्थ डकोटात शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. दुसऱ्या राज्यात केलेला कोर्स चालतो. बाहेरच्या राज्यातल्यांना पाणपक्ष्यांचा परवाना सलग १४ दिवसांचा किंवा ७-७ दिवसांच्या दोन तुकड्यांत मिळतो, आणि हंगामाचा पहिला आठवडा फक्त इथल्या रहिवाशांचा असतो. मिनिआपोलिसहून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून सुट्टी टाकावी.

मी एच-१बी वर आहे. बंदूक हातात धरली तर चालेल?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात शेवटी, तोही हळू आवाजात विचारला जातो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, म्हणजे एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा वगैरे, बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना तात्पुरत्या व्हिसाची ही अट नाही.

याचा अर्थ क्रम महत्त्वाचा आहे. आधी परवाना, मग बंदूक. "मित्राचीच तर आहे, दोन मिनिटं धरली" हे 'बाळगणं'च ठरू शकतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. इमिग्रेशनच्या फायलीवर डाग पडण्याइतकं मोल कुठल्याच बदकाचं नाही, तेव्हा शंका असेल तर सहकाऱ्याला न विचारता वकिलाला विचारा.

डक स्टॅम्पचे २५ डॉलर कशासाठी?

१९३० च्या दशकात या माळावर भीषण दुष्काळ पडला, तळी आटली, आणि त्याआधीची कित्येक वर्षं बाजारात विकण्यासाठी पिंपं भरभरून बदकं मारली गेली होती. शिकारीचा शौक असलेल्यांनाच कळून चुकलं की असंच चाललं तर मारायला काही उरणार नाही. १९३४ मध्ये कायदा होऊन डक स्टॅम्प आला. पहिल्या तिकिटाचं चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं आणि किंमत होती १ डॉलर. आता २५ आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा आणि पक्ष्यांचे अधिवास विकत किंवा कराराने राखण्यात जातात. वाटेत तळ्यांच्या काठी पाणपक्षी-क्षेत्राच्या ज्या सरकारी पाट्या दिसतात, त्यातली बरीच जमीन या पैशातून राखलेली आहे. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राज्यांकडे वळवला, आता तो ११ टक्के आहे. शिकार न करणारे पक्षीनिरीक्षकही हौसेने हा स्टॅम्प घेतात. तुम्हीही घ्या, चित्र सुंदर असतं.

पहाटे चारला उठून करायचं काय असतं?

लपायचं. बाकी सगळं त्यानंतर.

शेत सपाट, झाड नाही, बांधावर झुडूप नाही. धसकटं फार तर घोट्याच्या वर. अशा जागी चार धिप्पाड माणसं नाहीशी करायची असतात. त्यासाठी आडवं पडायचं लपण मिळतं: कापडी सांगाडा, पाठ टेकता येईल असा, वरून दोन झडपा. नवीन लपणाचं कापड चकचकतं म्हणून आधी त्याला चिखल फासून वाळवतात. मग त्याच शेतातलं काड उपटून पट्ट्यांमध्ये खोचायचं. त्याच शेतातलं, हे महत्त्वाचं. गव्हाच्या पिवळ्या काडात मक्याची पानं खोवून ठेवलीत तर वरून ते ठिगळ दिसतं. एकेका लपणाला अर्धा तास सहज जातो, आणि नवखा माणूस नेमका इथेच कंटाळून "झालं की" म्हणतो. मग उजाडल्यावर वीस पावलं लांब जाऊन मागे वळून बघा. चार आयताकृती ढिगारे दिसत असतील तर झालेलं नाही. लपणाची सावलीसुद्धा बदकाला दिसते, म्हणून शक्य तिथे ती किंचित खोलगट जागेत मांडतात.

चेहरा झाका. वर बघणारा उघडा चेहरा आकाशातून लख्ख उठून दिसतो. आपला सावळा असला तरी घामाने चमकतो.

डिकॉय कसे मांडायचे?

डिकॉय म्हणजे खोटी बदकं. पूर्ण आकाराची, नुसत्या चपट्या आकृत्या, किंवा वाऱ्याने फुगणाऱ्या पिशव्या. बदक उतरताना वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणून वारा आपल्या पाठीवर हवा आणि समोर डिकॉयच्या मधोमध मोकळी जागा. वारा जातो त्या बाजूला तोंड उघडं राहील अशी इंग्रजी 'यू'सारखी रचना करतात, तिच्या पोटात बदकांनी यावं अशी अपेक्षा असते. फार दाटीवाटीने मांडू नका. निवांत चरणारी बदकं पसरलेली असतात, एकमेकांना चिकटली की ती घाबरलेली दिसतात. पंख गरगर फिरणारं बॅटरीवरचं एखादं डिकॉय मोसमाच्या सुरुवातीला फार कामाचं. पुढे पुढे थवे त्यालाच बिचकू लागतात, तेव्हा बंद करून ठेवा. दुपारी वारा फिरला तर मांडणीही फिरवावी लागते. आळस करून ती तशीच ठेवली की बदकं डोक्यावरून, पाठीमागून येतात आणि मान वळवणाऱ्या माणसाला बघून निघून जातात.

बदकाचा आवाज काढता यायला हवा का?

नाही. पहिल्या वर्षी शिट्टी गळ्यात घालूसुद्धा नका. मोठा 'क्वॅक' मॅलार्डची मादी काढते, नराचा आवाज बारीक आणि घोगरा असतो. अनुभवी माणूस थवा दूर जायला लागला की बोलावतो आणि आपल्याकडे वळला की गप्प बसतो. तोंडावर येणाऱ्या थव्याला ओरडून सांगायचं काही उरलेलं नसतं. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं आणि जिवंत बदकं बांधून ठेवणं दोन्ही बेकायदा आहे. जिवंत बदकांवर १९३५ मध्ये बंदी आली, त्याच वर्षी बंदुकीत तीनच काडतुसं मावतील असा नियमही झाला.

पहिला बार किती वाजता काढता येतो?

बदकांसाठी कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डेव्हिल्स लेकच्या आसपास सूर्य साडेसातनंतर उगवतो, म्हणजे सात वाजून गेल्यावर वेळ सुरू होते. घड्याळ परवानगी देतं, पण डोळे देतात का ते बघा. मॅलार्डच्या माद्यांवर वेगळी मर्यादा आहे, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नरांचाही हिवाळी पिसारा पुरता भरलेला नसतो. अर्धवट उजेडात दोघं तपकिरीच दिसतात. चोच बघावी: नराची पिवळट, मादीची नारिंगी, वर काळे डाग. ती दिसेपर्यंत थांबा. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती बघण्यात घालवली तर काही बिघडत नाही, उलट डोक्यावरून अंधारात जाणाऱ्या पंखांचा सूं सूं आवाज त्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग असतो.

आणि पांढरा मोठा पक्षी, पंखांची टोकं काळी: इथे दहा वेळा विचार करा. तो स्नो गूज हा पांढरा हंस असेल, किंवा हूपिंग क्रेन. हूपिंग क्रेन हा क्रौंचांपैकी अतिदुर्मीळ पक्षी याच मार्गाने दक्षिणेला जातो. १९४१ मध्ये जगात ते दोन डझनांहूनही कमी उरले होते. उडताना त्याची मान पुढे ताणलेली आणि लांब पाय शेपटीच्या मागे लोंबते दिसतात, स्नो गूजचे दिसत नाहीत. खात्री नसेल तर बंदूक खाली.

दिवसभर पडून राहायचं? कंटाळा नाही येत?

येतो. खरं सांगायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ऊन असेल तर दिवसभर थांबायची गरजही नसते. बदकं उजाडता उजाडता येतात, नऊ-साडेनऊपर्यंत पोट भरून तळ्यावर जातात. पुन्हा येतात ती चारनंतर. मधे शेत सोडावं, गावात जाऊन कॉफी प्यावी, शेताला आणि बदकांना विश्रांती द्यावी. बहुतेक जण तसंच करतात.

दिवस लांबतो तो महिनाअखेरीला. आकाश शिशाच्या रंगाचं, वायव्येचा वारा, पारा शून्याखाली, कधी बर्फाची भुरभुर. थंडीत बदकं पहाटे उठत नाहीत, पाण्यात अंग चोरून बसतात आणि उशिरा निघतात. कधी दहाला, कधी थेट दुपारी एकदाच, आणि मग अंधारापर्यंत खात राहतात. आदल्या रात्री लख्ख चांदणं पडलं असेल तर रात्रीच चरून येतात आणि सकाळी दर्शनच देत नाहीत. आणि उत्तरेकडची डबकी गोठली की सस्कॅचेवान, मॅनिटोबाकडचे थवे एका रात्रीत खाली येतात. त्यांनी तुमचं शेत कालपर्यंत पाहिलेलंही नसतं. अशा दिवशी सकाळी नऊला "आज काही खरं नाही" म्हणून गाशा गुंडाळणारा माणूस अकराला गावातल्या पेट्रोल पंपावर उभा राहून डोक्यावरून जाणारे थवे मोजतो.

मग मधल्या वेळात काय? बघायचं. हॅरियर हा शिकारी पक्षी धसकटावरून खालून खालून फिरतो आणि उंदीर उचलतो. शेकडो सँडहिल क्रेन आकाशात इतक्या उंच असतात की आधी आवाज येतो, पक्षी नंतर सापडतो. कोल्हा येऊन प्लास्टिकच्या बदकाचा वास घेतो आणि फसवलं गेल्यासारखा तुमच्याकडे बघून निघून जातो. शेजारच्या लपणातला माणूस, जो ऑफिसात वर्षभर फक्त हवामानावर बोलला, तो अचानक आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलायला लागतो. तेव्हा त्याच्याकडे न बघता ऐकता येतं, कारण दोघांचेही डोळे आकाशात असतात.

फोन बघू नका. काचेची चमक वर दिसते, आणि थवा नेमका तेव्हाच येतो.

थवा आला. आता?

काहीच करू नका. मान हलवू नका, टोपीच्या कडेखालून डोळ्यांनीच बघा. थवा एक घिरटी घेईल, दोन घेईल, चौथ्यांदा वाऱ्याच्या खालच्या अंगाने फिरून येईल. प्रत्येक घिरटीला वाटतं की आता उठावं. उठायचं नाही. पंख वाकवून, पिवळट-नारिंगी पाय खाली सोडून बदकं मोकळ्या जागेवर अधांतरी डुलायला लागली की ठरलेला एकच माणूस इशारा देतो, तेव्हा सगळे उठतात. तीस मीटरच्या आत. पोलादी छर्रा शिशापेक्षा हलका असतो, लांबवर त्याचा जोर राहत नाही, आणि लांबून मारलेलं बदक बहुधा जखमी होऊन दूर कुठेतरी मरतं. थव्यावर नेम धरू नका, एक पक्षी निवडा.

दोनशे मॅलार्डचा भोवरा डोक्यावर फिरू लागला तर जुने शिकारी कधी कधी बार काढतच नाहीत. ती उतरू देतात, खाऊ देतात, आणि मागून येणाऱ्या पाच-सहांच्या टोळीची वाट बघतात. दोनशे बदकांना एकदम शहाणं करून सोडण्यात काय हशील?

सुरक्षेचं थोडक्यात पण सक्तीने: जागेवर आडवं होईपर्यंत बंदूक भरायची नाही. नळी पायांच्या दिशेने, कधीच शेजाऱ्याकडे नाही. प्रत्येकाने आपापल्या समोरच्या पट्ट्यातच मारायचं, शेजाऱ्याच्या डोक्यावरून नळी फिरवायची नाही. कुणी डिकॉय सरळ करायला उठला असेल तर सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या. कानात बोळे घाला. आणि भरलेली बंदूक कुत्र्याच्या पायांजवळ ठेवू नका, कुत्र्याचा पंजा चापावर पडून माणसं जखमी झाली आहेत.

किती बदकं मारता येतात?

हा भाग उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या मध्यवर्ती स्थलांतर-मार्गात मोडतो. तिथे साधारणपणे माणशी दिवसाला ६ बदकं, त्यात मॅलार्ड जास्तीत जास्त ५, आणि त्यांत माद्या फक्त २. पिनटेल, कॅनव्हासबॅक, रेडहेड यांच्या मर्यादा आणखी कमी आणि बदलत्या. हे आकडे मनाला येईल तसे ठरत नाहीत. १९५५ पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दर वसंतात अमेरिका आणि कॅनडा विमानातून बदकं आणि तळी मोजतात, त्यावरून हंगाम ठरतो. ज्याची सहा झाली त्याने बंदूक रिकामी करून चहा ओतावा. मित्राच्या वाटची मारून देणं हा गुन्हा आहे, मैत्री नव्हे.

थोडे दाणे टाकून ठेवले तर?

सरळ गुन्हा. नेहमीच्या काढणीत सांडलेल्या दाण्यांवर शिकार चालते. मुद्दाम पसरलेल्या, किंवा उभं पीक आडवं करून पाडलेल्या दाण्यांवर नाही. दाणे पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस ती जागा बंद समजली जाते. "मला माहीत नव्हतं" म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून अनोळखी शेतात उजेडात एक फेरी मारून जमीन बघा, आणि शेतकऱ्याला विचारा.

शिशाचे छर्रे का चालत नाहीत?

बदक दाणे दळायला खडे गिळतं आणि त्या खड्यांत छर्रेही जातात. पोटात शिसं झिजतं, विष चढतं. ते बदक खाणारा गरुडही मरतो. पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर शिशाला बंदी आहे, कॅनडात १९९९ पासून. पोलाद, बिस्मथ किंवा टंगस्टन वापरतात. जुन्या पेटीतलं शिशाचं एखादं काडतूस खिशात नुसतं सापडलं तरी गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी, दंड करतो, तेव्हा निघण्याआधी खिसे झाडा.

डबा कसा न्यावा? आणि कपडे?

सुती काही नको, एकदा ओलं झालं की दिवसभर थंडगार राहतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर घाला, वर काडाच्या रंगाचं जाकीट. कोरड्या शेतात कमरेपर्यंतचे रबरी पोशाख लागत नाहीत, गुडघ्यापर्यंतचे बूट पुरतात.

डबा फॉइलमध्ये गुंडाळू नका, आकाशातून आरशासारखा चमकतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्या, थंडीत कडक होत नाहीत. चिवडा आधीच डब्यात काढा, प्लास्टिकच्या पिशवीची खळखळ सगळ्यांना ऐकू जाते. चहाचा थर्मास मोठा घ्या. पण फार पिऊ नका, कारण त्या शेतात आडोसा म्हणून काही नाही. बायकांनीही हे विचारलं आहे: गाडी रस्त्याला लांब लावलेली असते, तिथपर्यंत चालत जाण्याची वेळ म्हणजे थव्यांमधली शांतता. सोबत येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, लाजून बसू नका.

हे सगळं करून शेवटी जीवच घ्यायचा ना?

हो. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. निसर्गाचं व्यवस्थापन, परंपरा, करातून येणारा पैसा, हे सगळं खरं आहे, पण हातात गरम बदक येतं तेव्हा त्यातलं काही आठवत नाही. काहींना त्याच क्षणी कळतं की हे आपल्यासाठी नाही. त्यांनी पुन्हा बंदूक धरू नये, आणि कुणी त्यांची चेष्टाही करू नये. उरलेल्यांवर जबाबदारी एवढीच: मारलेलं शोधायचं, जखमी सोडायचं नाही, आणि घरी नेऊन खायचं. म्हणूनच लॅब्रॅडॉर सोबत असतो. धसकटात लपलेलं जखमी बदक माणसाला दोन पावलांवर दिसत नाही, कुत्रा वासाने काढतो. कुत्रा नसेल तर प्रत्येक पडलेलं बदक लगेच जाऊन उचला, दुसरा थवा दिसत असला तरी.

भारतात गेल्यावर असं करता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला, आणि परवाना काढून पक्षी मारण्याची वाट होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. त्याआधीचा काळ कसा होता ते भरतपूरच्या केवलादेव उद्यानातल्या दगडावर कोरलेलं आहे: १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी. इथले सहा पुष्कळ वाटायला लागतात.

पण ओळखीचे चेहरे भेटतील. पिनटेल आणि थापट्या ही बदकं दोन्ही खंडांत असतात. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर तीच लांब शेपटी, तीच रुंद चोच दिसेल. ती मध्य आशियाच्या बाजूने आलेली असतात, डकोटाची नव्हेत. पहाटे उठून न हलता बसण्याची सवय मात्र तिथल्या लपणगृहातही उपयोगी पडते.

साफ कसं करायचं, आणि रस्सा होतो का?

घरी पोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याला डोकं किंवा पिसांसकट एक पंख ठेवावा लागतो, जात ओळखता यावी म्हणून. शेतात सगळं सोलून मोकळे होऊ नका. २०२२ पासून इथे बर्ड फ्लू वन्य पक्ष्यांत पसरला आहे, म्हणून हातमोजे घाला, सुस्त किंवा मान टाकलेला पक्षी उचलू नका, आणि घरी कोंबड्या असतील तर तेच बूट घालून खुराड्यात जाऊ नका.

रानबदकाला बाजारातल्या बदकासारखी चरबी नसते. धान्यावर पोसलेल्या मॅलार्डचं मांस गडद आणि चवदार असतं, पण छाती जास्त शिजली की काळजासारखी लागते. इथले लोक ती आतून गुलाबी ठेवतात. सरकारी सल्ला ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजवण्याचा आहे, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. आमचा तोडगा असा: छातीचे पातळ काप करून आलं-लसूण, हळद आणि तिखट लावून तव्यावर झटपट परतायचे. तंगड्या मात्र काळ्या मसाल्यात, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर दोन तास. कुकरची घाई नको. खाताना सांभाळा, एखादा पोलादी छर्रा राहिलेला असतो.

बदकाच्या पायात कडं सापडलं तर?

ते ॲल्युमिनियमचं कडं शास्त्रज्ञांनी घातलेलं असतं. त्यावरचा आकडा बर्ड बँडिंग लॅबोरेटरीच्या संकेतस्थळावर कळवा. पक्ष्याला कडं कुठे आणि कधी घातलं ते उत्तरात येतं. कडं तुमच्याकडेच राहतं. शिकारी ते शिट्टीच्या दोरीत ओवतात.

बंदूक न घेता नुसतं येता येईल?

या की. कॅमेरा आणि दशम्या यांना परवाना लागत नाही. फक्त बदकं बोलावणं, उठवणं, पडलेली गोळा करणं ही मदतसुद्धा कायद्याच्या नजरेत शिकार ठरू शकते, म्हणून तेवढं आधी खात्याला विचारून घ्या. लपणात जागा कमी असते, त्यामुळे येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा. काड खोचायला दोन हात जास्त असले तर आम्हालाही हवेच असतात.